मोटारीचा पस्ताना

आमच्या घराण्यात आजवर उत्तरेला जायचं दोनच माणसांनी काढलं. एक माझे पणजोबा. ते काशीला गेले आणि तिकडंच राहिले. दुसरा मी, मी सोनाळ्याच्या पलीकडच्या जंगलात गेलो आणि चार दिवसांनी परत आलो. पणजोबांचं नाव घरात अजून आदरानं घेतात.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. खामगावात मी नवा वकील होतो. नवा म्हणजे सात वर्षांचा जुना (पण पक्षकार येईपर्यंत वकील नवाच धरतात). आईवडील मी लहान असतानाच गेले, म्हणून वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, आणि त्यांची बायको मोठीमाय यांनी मला वाढवलं. त्यांचे तीन मुलगे. थोरला गंगाधर पैलवान होता. धाकटे दोघे पैलवान नव्हते, पण जेवणात त्याच्या मागं नव्हते. शिवाय घरात विधवा आत्याबाई. शिवाय मोठीमायचे भाऊ शंकरमामा, जे माझ्या लग्नाला म्हणून आले होते आणि सात वर्षं झाली तरी अजून परतीच्या गाडीची चौकशीच करत होते. माझ्या दोन मुली धरून घरात अकरा माणसं. आणि या अकरा माणसांत सून एकच! माझी बायको, सुमित्रा.

(तिन्ही चुलतभाऊ बिनलग्नाचे. गंगाधरचं म्हणणं, लग्न केलं की ताकद जाते. धाकट्यांचं म्हणणं, थोरल्याचं झाल्याशिवाय आमचं कसं होईल. त्याच्या ताकदीपायी सुमित्रेला सात वर्षांत एक जाऊ मिळाली नाही!)

घरात गडीमाणसं होती, स्वयंपाकाला बाई होती. पण मोठेबाबांना चहा सुनबाईच्याच हातचा लागे. आत्याबाईंच्या गुडघ्यांना तेल सुनबाईनंच चोळलं तर लागू पडे. शंकरमामांची तंबाखूची डबी त्यांच्याच खिशात असे, पण ती सापडायची मात्र सुनबाईला. गंगाधरला दुधातले बदाम वहिनीनंच वाटलेले हवेत, कारण इतरांनी वाटले की म्हणे अंगी लागत नाहीत. पहाटे कोंबडा आरवायच्या आत घरात "सुनबाई!" अशी पहिली हाक उठे, आणि मग कोंबड्याला आरवण्यात काही अर्थ वाटत नसे.

एका दुपारी मी फायली चाळत बसलो होतो. सुमित्रा सुपात तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"आइकलं का," ती म्हणाली, "मले एकदा कुठंतरी जाचं हाये."

"माहेरी?"

"माहेरी चार भावजया हायेत. तिथं दिवसभर 'वन्सं, वन्सं' चालते. मले अशा जागी जाचं हाये का जिथं मले कोनी हाक मारनार नाही. दोनच दिवस. मंग मी जलमभर कराले तयार हाये."

ती एवढं बोलते तोच आतून "सुनबाई!", माडीवरून "वहिनी!" आणि अंगणातून "आई!" अशा तीन हाका एकदम आल्या. ती उठली आणि गेली. सूप तिथंच राहिलं. सात वर्षांत या बाईनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही लुगडं नाही, दागिना नाही, फक्त शांतता! मी तिथल्या तिथं ठरवलं: हिला न्यायचं. जंगलात न्यायचं. आणि दोघांनीच जायचं!

माझ्या खोलीत भिंतीवर प्रांताचा नकाशा होता. आमच्या जिल्ह्याच्या पार उत्तरेला, सोनाळ्याच्या वर, सातपुड्याचा एक हिरवा पट्टा होता आणि त्यात एकाही गावाचं नाव छापलेलं नव्हतं. जिथं गावच नाही तिथं हाक मारायला माणूस कुठला? त्या पट्ट्याच्या पायथ्याशी जंगलखात्याचा बंगला होता. मी अर्ज केला, आणि माघात चार दिवसांचा परवाना आला: बुधवार ते शनिवार.

जायचं मोटारीनं. मोटार घरात होतीच. कापसाच्या कारखान्याचा, म्हणजे जिनाचा, एक साहेब विलायतेला परत जाताना ती मागं सोडून गेला, ती मोठेबाबांनी घेतली आणि गोठ्यात बैलांशेजारी बांधली. (बांधली म्हणजे खरंच बांधली. मागच्या चाकाला दावं होतं!) दसऱ्याला तिची पूजा होई, एरवी तिच्यावर कडबा ठेवत. मी मात्र जिनाच्या आवारात तीन आठवडे खपून ती चालवायला शिकलो. कापसाच्या गंजीवर चार वेळा घातली, पण कापूस असल्यामुळं दोघांनाही लागलं नाही.

रात्रीच्या पंगतीत मी बेत जाहीर केला. सगळ्यांचे घास हातात राहिले.

"जंगलात? दोघंच?" मोठीमाय म्हणाली. "काऊन बाप्पा? घरात काई कमी हाये काय?"

"हवापालट," मी म्हणालो.

"हवा तं हितंही हाये!"

"आन मोटार कोन हाकन?" मोठेबाबांनी विचारलं.

"मीच."

मोठेबाबांनी ताटातून हात काढला. "वकिलाची सनद घेतली ते मोटार हाकाले? लोक काय म्हनतीन, वासू? पोराले शिकवलं आन पोरगा डायवर झाला म्हनतीन!"

"वाघ आला तं?" शंकरमामांनी मुद्द्याचं विचारलं.

"मोटारीत बसू."

"मोटार सुरू नाही झाली तं?"

"एका झटक्यात होते!" मी म्हणालो, आणि हे खरं होतं. मोटारीच्या नाकाशी एक भोक होतं. त्यात वाकडा लोखंडी दांडा, म्हणजे हँडल, खुपसायचं, एक जोरदार झटका द्यायचा, की मोटार खोकून जागी व्हायची. ही विद्या घरात मला एकट्यालाच येत होती. दुसऱ्या दिवशीपासून मी रोज सकाळी ओट्यावर माणसं जमली की एक झटका देऊन मोटार सुरू करून दाखवू लागलो, आणि हँडल पुसून परत सीटखाली ठेवू लागलो. इतका रुबाब मी कोर्टात कधी केला नव्हता. तिथं तशी संधीही नव्हती.

शेवटी मोठेबाबा नरमले. "जाय," ते म्हणाले. "पन मुहूर्त मी काढीन."

"काढा ना," मी म्हणालो. त्यात काय जातंय! (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती "त्यात काय जातंय" या वाक्यापासून सुरू झाल्या आहेत.)

मोठेबाबांनी पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. बुधवारी उत्तरेला दिशाशूल! परवाना तर बुधवारचाच. पण आमच्याकडं शास्त्र जितकं कडक तितक्याच त्याच्या पळवाटाही सोप्या. बुधवारी निघणं अशुभ असेल तर सोमवारी पस्ताना ठेवायचा. म्हणजे सुपारी, हळदकुंकू, अक्षता आणि प्रवाशाची एखादी वस्तू नव्या कापडात बांधायची आणि चांगल्या मुहूर्तावर आपल्या दिशेच्या एखाद्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, तुमचा प्रवास सोमवारीच सुरू झाला! बुधवारी जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं व्हायचं. अट एकच: एकदा ठेवलेला पस्ताना घरी परत आणायचा नाही. आणला की प्रवास मोडला.

गावाच्या उत्तर टोकाला मोठेबाबांचे स्नेही सखारामजी राहत. त्यांच्या देवघरात पस्ताना ठेवायचं ठरलं. सोमवारी मी सामानाची यादी करण्यात गढलो होतो. कंदील दोन, दोरखंड एक, चटया, शेव-चिवड्याचा डबा, दशम्या, तिळाची चटणी, वाघासाठी थाळी (वाजवायला!). तेवढ्यात मोठेबाबा दारात येऊन उभे राहिले.

"वासू, तुहं उपरणं घेतलं, सुनबाईची चोळी घेतली. आन मोटारीचं?"

"मोटारीचं काय?"

"परवासाले कोन जाऊन राह्यलं? तू तं बसून जाशीन. चालनारी ते मोटार हाये. आपले आजे घोड्यानं गेले तं घोड्याचा लगाम ठेवला होता पस्तान्यात."

माझी यादी अडली होती. दशम्या किती घ्याव्या यावर मी विचार करत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "सीटखाली पाहा. असन ते घ्या."

बुधवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या दारात होती. मोटार धुऊन पुसून उभी होती, हॉर्नला झेंडूची माळ होती. सुमित्रा नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर एकटी बसली होती. एकटी! तिच्या चेहऱ्यावरचं ते सुख मी अजून विसरलो नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि कान उघडे ठेवले होते, बहुधा शांतता कुठून सुरू होते ते ऐकायला. मोठीमायनं दहीसाखर दिली, नारळ फुटला. मी बाह्या सारल्या, लोकांकडं एकवार पाहिलं आणि ऐटीत सीटखाली हात घातला.

हाताला चिंधी लागली. मी दुसऱ्या बाजूनं हात घातला. चिंधीच लागली, त्याच चिंधीचं दुसरं टोक.

"मोठेबाबा," मी विचारलं, "पस्तान्यात काय ठेवलं तुमी?"

"ते वाकडं लोखंड. तूच म्हने, असन ते घ्या. बाकी मोटारीचं सामान सगळं कामाचं दिसलं, हे एकटंच रिकामं पडलं होतं."

"ते हँडल होतं! त्याच्याबिगर मोटार सुरू होत नाही!"

"मंग आनू ना," गंगाधर म्हणाला. "मी पळत जातो, घेऊन येतो."

"खबरदार!" मोठेबाबा गरजले. "पस्ताना घरी आला तं परवास मोडला!"

आता खटला असा उभा राहिला: हँडल मोटारीकडं येऊ शकत नव्हतं, म्हणून मोटारीनं हँडलकडं जायला हवं होतं, आणि मोटारीला हँडलकडं जायला हँडल हवं होतं. मी आयुष्यात इतका पक्का पेच पाहिला नव्हता. त्यावर गंगाधरनं शर्ट काढला आणि म्हणाला, "ढकला बे!"

आणि खामगावच्या भर बाजारातून आमची वरात निघाली. पुढं मोठेबाबा पंचांग घेऊन, मागं मोटार, मोटारीत सुकाणूवर मी (कोट, टोपी, गळ्यात हार), आणि मोटारीमागं गंगाधर, धाकटे दोघे, शंकरमामा आणि आपापली दुकानं सोडून आलेले काही रिकामे लोक. मोठीमाय आणि आत्याबाई मुलींना घेऊन मागून चालत होत्या. सुमित्रा वजन नको म्हणून उतरून त्यांच्याबरोबर चालत होती. वाटेत ढकलता ढकलता मोटार सुरू होईल म्हणून मी गिअर घालू पाहिला, तर मोठेबाबा मागं वळून ओरडले, "पस्ताना उचलल्याशिवाय सुरू कराची नाही!"

"वकीलसाहेब, हे अशीच चालते काय?" कापसाच्या बैलबंडीवरून कोणीतरी विचारलं.

"तेल लागत नाही बावा हिले," दुसऱ्यानं उत्तर दिलं, "भाऊबंद लागते!"

घामाघूम होऊन आम्ही सखारामजींच्या दारात पोचलो. दाराला कुलूप! शेजारी म्हणाला, "ते तं मंगळवारीच मोताळ्याले गेले, साळ्याच्या पोरीच्या लग्नाले. शनवारी येतीन." आम्ही खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. देवघराच्या कोनाड्यात आमचं गाठोडं व्यवस्थित ठेवलेलं होतं आणि त्यातून हँडलचं वाकडं टोक बाहेर डोकावत होतं.

"कुलूप तोडतो," गंगाधर म्हणाला.

"हाव, आन उद्या लोक म्हनतीन, घर फोडून वकील जंगलात पळाला!" मोठेबाबांनी त्याला मागं ओढलं. मग त्यांनी गंगाधरची लाठी गजांतून आत घातली आणि तिच्या टोकानं गाठोड्याला नुसता स्पर्श केला. "उचलला!" ते म्हणाले. "देव समजून घेते. आता ढकलून सुरू करा."

"ढकलून सुरू होईन," मी म्हणालो, "पन जंगलात बंद पडली तं?"

सुमित्रा माझ्याजवळ आली. पदर सावरत हळूच म्हणाली, "आइकलं का, मी काय म्हनते..."

"सुनबाई, पानी दे वं!" आत्याबाई ओट्यावर बसून ओरडल्या.

"सुनबाई, माही डबी पाह्य जरा!" शंकरमामा.

"वहिनी, दशम्या कोन्या डब्यात हायेत?" गंगाधर.

"सुनबाई, लेकीचं नाक पूस!" मोठीमाय.

सुमित्रेनं उघडलेलं तोंड मिटलं. पाणी दिलं, डबी दिली, दशमी दिली, नाक पुसलं. तोवर गंगाधरनं निकाल लावला होता. "भाऊ, तुह्यानं एकट्यानं मोटार ढकलनं होत नाही. मी येतो संगं."

"एकट्यानं काय होते?" धाकटे म्हणाले. "आमीही येतो."

"मंग दिशाशूलाचं कोन पाहीन?" मोठेबाबा म्हणाले आणि पुढच्या सीटवर चढून बसले.

"याइच्या पथ्याचं कोन पाहीन?" मोठीमाय म्हणाली आणि दोन्ही मुलींना घेऊन मागं चढली.

"मी काई ढकलाले येऊन नाही राह्यली," आत्याबाई म्हणाल्या. "पन मी नाव घेते देवाचं, त्यानं ढकलनाऱ्याइले बळ येते." शंकरमामांनी काहीच कारण सांगितलं नाही. ते आधीच आत होते.

माझा सगळा बेत माझ्या डोळ्यांदेखत भरत चालला होता! मी लाजेनं सुमित्रेकडं पाहिलं. वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण ती धन्य बाई! ती एकेकाला हात देऊन चढवत होती. आत्याबाईंच्या पाठीला उशी लावून देत होती, मोठीमायच्या पायाशी डबा सरकवत होती, गंगाधरला दुधाचा तांब्या विसरू नको म्हणून सांगत होती. किती सोशिक, किती समजूतदार, असं म्हणून मी मनातल्या मनात हळहळलो.

मग धाकट्यांनी आणि गंगाधरनं जोर लावला. मोटार खोकली, थरथरली आणि सुरू झाली! तिघे पळत येऊन पायदानांवर चढले. सुमित्रा कशीबशी कडेला टेकली. वीस पावलांवर रस्ता जरा चढाचा होता, तिथं मोटारीचा दम उखडला.

"बंद पडून राह्यली!" मी ओरडलो. "एक जन उतरा! लवकर!"

मोठेबाबा पंचांगात पाहू लागले. शंकरमामा आभाळात पाहू लागले. आत्याबाईंनी देवाचं नाव मोठ्यानं घेतलं.

"मी उतरते," सुमित्रा म्हणाली. म्हणाली तेव्हा ती उतरलेलीच होती.

आणि मोटारीनं चढ घेतला! मुली सोडल्या तर सगळ्यात हलकं माणूस ते, पण ते उतरताच मोटार धावायला लागली. मी मान वळवून पाहिलं. ती रस्त्याच्या मध्यभागी उभी होती, तोंडाला पदर लावलेला, आणि तिचे खांदे हलत होते.

"ते रडून राह्यली! थांबवतो मी!"

"थांबवशीन तं परत चढावर ढकलन कोन?" मोठेबाबांनी विचारलं.

मी थांबवली नाही. जिच्यासाठी सहल काढली तिलाच रस्त्यात सोडून सहलीला गेलेला मी वऱ्हाडातला पहिलाच नवरा असेन. माझे डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि कुणाची तरी वांग्यांची टोपली चाकाखाली गेली. त्या माळणीनं दिलेल्या शिव्या मी मान खाली घालून घेतल्या. त्या मला मिळायलाच हव्या होत्या.

पूर्णा नदीच्या वाळूत मोटार रुतली. एका शेतकऱ्यानं दोन बैल लावून ती पलीकडं ओढून काढली, आणि बैलांना आमच्या मोटारीची गोठ्यातली ओळख असावी तसे ते बिनबोभाट चालले. पुढं संग्रामपूरला बंद पडली, सोनाळ्याच्या बाजारात बंद पडली. दिवे लागायच्या सुमारास आम्ही बंगल्यात पोचलो. समोर सागवानाचं रान, मागं डोंगर, आणि अशी शांतता की पान पडलं तरी ऐकू यावं.

"वासू, चहा!" मोठेबाबा म्हणाले.

चौकीदारानं केलेल्या चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला ठेवला. घरच्या हातचा लागतो. घरचा हात म्हणजे कोणाचा? सुनबाई खामगावात. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सहल माझी होती!

त्या चार दिवसांत मी सातपुडा पाहिला नाही. मी चूल पाहिली. "वासू, पानी तापलं काय?" "वासू, गुडघ्याले तेल लाव रे बापा." "वासू, माही डबी?" "भाऊ, बदाम!" पाटा नव्हता, म्हणून गंगाधरचे बदाम मी ओढ्यातल्या दोन दगडांत वाटले आणि वर ऐकून घेतलं की वहिनीच्या हाताची सर नाही. मुलींच्या वेण्या घातल्या, त्या सुटल्या, परत घातल्या. वाघ एकदाही आला नाही. एवढ्या हाका ऐकून त्यानं दुसरं रान धरलं असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा डोळा लागला, तेव्हा रानात कुठलासा पक्षी ओरडला आणि मी "आलो, आलो!" म्हणत दचकून उठलो. तेव्हा मी पायरीवर बसलो आणि खरंच सांगतो, मला रडू आलं. हे मी तीन दिवस केलं होतं. ती सात वर्षं करत होती, आणि आम्ही तिलाच रस्त्यावर उतरवून आलो होतो!

शनिवारी दुपारी घरी पोचलो. रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो. दार उघडंच होतं. सुमित्रा झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती. न्हाऊन केस मोकळे सोडलेले, हातात तिखटमीठ लावलेली जांबाची फोड, आणि चेहरा असा टवटवीत की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. आम्हाला पाहताच तिनं पदर डोक्यावर घेतला आणि चहा टाकायला आत गेली.

आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच सखारामजी आले, लग्नाचे लाडू घेऊन.

"काऊन हो," ते म्हणाले, "खिडकीतून पाह्यलं तं पस्ताना तसाच पडला हाये! गेले नाही काय तुमी?"

"गेलो ना! पन तुमच्या घराले कुलूप!" मोठेबाबा तडकले.

"कुलूप असन. पन किल्ली तं मी सुनबाईपाशी देऊन गेल्तो! म्हनलं, बुधवारी तुमाले लागन."

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडं वळल्या.

"सुनबाई!" मोठेबाबांनी हाक मारली.

सुमित्रा चहाच्या कपांचं तबक घेऊन बाहेर आली, खाली मान घालून.

"किल्ली तुह्याजवळ होती?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतच होती," ती हळू आवाजात म्हणाली. "पन आत्याबाईले पानी पाह्यजे होतं, मामाले डबी. मंग तुमी सगळे चढून राह्यले. मले कोनी इचारलंच नाही."

एवढं बोलून तिनं प्रत्येकाच्या हातात कप दिला. मोठेबाबांनी चहा घेतला, पंचांग उघडलं आणि बराच वेळ एकाच पानावर पाहत बसले. आत्याबाई म्हणाल्या, "चहा मातर झकास झाला."

संध्याकाळी मी तिला परसात एकटीला गाठलं. "तवा रस्त्यात तू रडून नव्हती राह्यली?"

"नाही."

"हसून राह्यली होती?"

ती वाळलेले कपडे काढत राहिली.

"त्याइले नाही सांगतलं, ते ठीक हाये," मी म्हणालो. मला खरंच लागलं होतं. "पन मले तं कानात सांगाचं! मीही उतरलो असतो. आपन दोघं घरी राह्यलो असतो."

"म्हूनच नाही सांगतलं," ती म्हणाली. मग माझा पडलेला चेहरा पाहून तिलाच कीव आली असावी. "चष्मा कुठी हाये, फाईल कुठी हाये, टोपी कुठी हाये, आइकलं का, आइकलं का. या घरात सगळ्यात जास्त हाका कोन मारते, सांगा बरं?"

मी आठवून पाहिलं. मोठीमायचं नाव घ्यावंसं वाटलं, पण कोर्टाबाहेर खोटं बोलायची मला सवय नाही.

"पन तुमी मोटार मस्त हाकता," ती म्हणाली. सात वर्षांत तिनं केलेली ही माझी पहिली स्तुती. माझी छाती फुगली. "पुढच्या खेपेले सगळ्याइले जरा लांब न्या."

"काश्मीर?" मी विचारलं.

"किती दिवस लागतीन?"

"जाऊन येऊन महिना तं लागनच."

ती हसली. इतकं मनापासून हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या दंडावर हात ठेवून, अगदी मायेनं, ती म्हणाली, "उद्याच निंगता काय?"